गोळी उतरेपर्यंत

११ मार्च

भाताचं पातेलं आपटलं आज. ओट्यावर नाही, थेट जमिनीवर. भात पार फ्रिजखाली. निमित्त काय, तर दर्शन म्हणाला, "मीठ कमी आहे वाटतं."

सासूबाई भात गोळा करता करता खालच्या भाडेकरणीला सांगत होत्या, "ती नाय गो बोलत, तिची गोली बोलते." दर्शनने मान हलवली. नवरा म्हणून निदान एकदा तरी ओरड ना माझ्यावर! पण नाही. दिवाळीपासून या घरात माझ्यावर कोणी रागावलेलंच नाही. सगळे समजून घेतात. कंटाळा आला आहे या समजून घेण्याचा.

१२ मार्च

गंमत म्हणजे हेच मी कॉलेजात शिकवते. मज्जापेशीच्या टोकाशी बारक्या बारक्या पिशव्या असतात, आत रसायन भरलेलं. इशारा आला की पिशवी पेशीच्या कडेला जाऊन चिकटते, उघडते, रसायन बाहेर — पुढच्या पेशीला निरोप पोचला. ही सगळी हमाली पिशवीच्या पडद्यात रुतलेली प्रथिनं करतात. एक ओढून आणतं, एक कडेला बांधतं, एक उघडायला लावतं. फिट येते तेव्हा पेशी सगळ्या एकदम बोलत सुटतात. माझी गोळी त्यातल्या एका प्रथिनावर जाऊन बसते. एसव्ही-टू-ए नाव त्याचं. ती बसली की पिशव्या भसाभस रिकाम्या होत नाहीत.

गोळी सुरू झाल्यापासून फिट आलेली नाही. उपकार आहेत तिचे, नाही कशाला म्हणू.

पण ते प्रथिन नेमकं काय करतं, हे शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं कळलेलं नाही. गोळी काहींना एवढं चिडकं का करते, तेही नाही. मानपाड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र सगळ्यांना सगळं कळलेलं आहे.

१३ मार्च

दांडी मारली. दिवसभर झोपले. तरी दमलेलीच.

१६ मार्च

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

पहिली फिट गणपतीत आली. तेव्हा डॉक्टर म्हणालेल्या, पुन्हा आली तर मोबाईलवर शूट करा, बघून मला नीट कळेल. दिवाळीत दुसरी आली. दर्शनने शूट केलं. बरोबरच केलं. डॉक्टरांनी ते बघितलं आणि गोळी सुरू केली. इथवर माझं काही म्हणणं नाही.

फेब्रुवारीत अकरावीची करिश्मा — दर्शनच्या चुलतभावाची मुलगी — तास संपल्यावर जवळ आली. "काकी, आता बरं वाटतं ना? मी ग्रुपवर बघितलेलं, मला तर रडूच आलं." कुठला ग्रुप? घरचा. सगळ्या भावकीचा. काकांपासून पोरासोरांपर्यंत सगळे आहेत त्यात. दर्शनने त्यात मला कधी घेतलंच नव्हतं.

तिच्याच मोबाईलवर मी स्वतःला पहिल्यांदा बघितलं. मॅक्सी कमरेपर्यंत गेलेली. खाली ओलं. तोंडातून फेस. आणि दर्शनचा आवाज, "आई, लाईट लाव, नीट दिसत नाही."

मॅक्सी खाली ओढायला किती वेळ लागतो?

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, मला तुझ्यासोबत राहायचं नाही. ओरडून सांगितलं, काचेचा ग्लास फोडून सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सगळ्यांना कळायला नको? तू कधी कोणासमोर पडशील, काय सांगता येतं?" मग काचा उचलताना आईला म्हणाला, "गोळीचा असर आहे."

२२ मार्च

ठाण्याला डॉक्टरांकडे. अमृता मॅडम चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. दर्शनच बोलत होता. "मॅडम, ही अशी नव्हती. मला माझी पहिलीची मेघाली पाहिजे." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खोटं नव्हतं ते.

मी विचारलं, राग माझा की औषधाचा, हे ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, "रक्त तपासून नाही कळत. बदलून बघू." नवीन गोळी हळूहळू चढवायची, जुनी हळूहळू उतरवायची. नवी त्या प्रथिनाच्या वाटेला जात नाही, तिचं काम वेगळं.

बाहेर दर्शनने उसाचा रस पाजला. म्हणाला, "एक कबूल कर. गोळी उतरेपर्यंत सोडून जायचा विषय नको. उतरल्यावर पण तू हेच म्हणालीस, तर मी अडवणार नाही."

कबूल केलं.

६ एप्रिल

जुनी अर्ध्यावर. चक्कर, झोप, तोंडाला चव नाही.

आईचा माहेरून, कोपर गावाहून फोन. तिला सगळं माहीत आहे. "गोळीवर ढकल आणि विषय सोडून दे, बाय. तुझी पण इज्जत राहते, त्याची पण." आईलासुद्धा सोयीचीच वाटते गोळी! फोन आपटला नाही मी. ठेवला.

२० एप्रिल

जुनी बंद. आता खरी भीती. बाथरूमची कडी लावायची नाही असं ठरलं आहे. सासूबाई बाहेर स्टूल टाकून बसतात आणि दर मिनिटाला हाक मारतात. "हाय ना गो?" आहे, आहे. इतकी काळजी करणाऱ्या बाईवर चिडू तरी कशी?

४ मे

फिट नाही. राग पण नाही! समोरच्या गल्लीत हळद होती, डीजे खिडक्या हलवत होता, मी मजेत तांदूळ निवडत बसले. सोनल, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणारी, म्हणाली, "चेहरा बदलला तुझा." सासूबाई खूश. "आली माझी सून ठिकाण्यावर."

मग गोळीच होती तर. मला लाज वाटते आहे. ग्लास, पातेलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोरचा आरडाओरडा — सगळं त्या एका प्रथिनापायी? मुद्दाम तो व्हिडिओ आठवून बघितला. आधी कानशिलं तापायची. आज नाही तापली. दर्शन बिचारा माझ्यासाठी आंबे घेऊन आला, स्वतः चिरून दिले.

त्याची माफी मागावी का?

११ मे

मागायला गेले होते. तो गॅलरीत होता. म्हटलं, दर्शन, मी खूप तोडफोड केली, माझं चुकलं. तो मनापासून हसला. म्हणाला, "सोड ना. बघ, व्हिडिओचं पण आता काही वाटत नाही ना तुला?"

मी म्हटलं, तुला वाटतं का काही?

त्याला प्रश्नच कळला नाही. "मला काय वाटणार? चांगल्यासाठीच केलं ना."

१८ मे

आठवडाभर वाट बघितली. वाटलं, येईल राग, मग जावंसं वाटतं ते गोळीमुळेच असं म्हणता येईल. आला नाही. झोप छान लागते.

१९ मे

सकाळी चहा घेताना दर्शनला सांगितलं, मी कोपरला आईकडे जाते आहे, परत येणार नाही. आवाज चढला नाही. कप बशीत नीट ठेवला.

त्याने गोळ्यांचा डबा पुढे ओढला. मग म्हणाला, "आजची गोळी घेतलीस ना?"

घेतली, म्हटलं.