हेडसरांचा पांढरा शर्ट आणि रस्त्याकडची खोली

मी, सरोजिनी गोपाळ माढेकर, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर माझी मुलगी वैदेही हिला मिळावे. रस्त्याकडच्या खोलीत मी पहिली-दुसरीच्या मुलांना आकृतिबंध, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा क्रम ओळखायला, शिकवते. तो वर्ग पुढे माझी जुनी विद्यार्थिनी अंकिता हिने चालवावा. वैदेहीला तिथे ब्यूटी पार्लर हवे आहे, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणजे नाही.

२. बटणे, बांगड्या व चिंचोके अंकितास. लाल-पिवळे-लाल मांडून मुलांना नुसते "पुढे काय?" विचारू नये. "कशावरून?" हेही विचारावे आणि उत्तर पूर्ण वाक्यात घ्यावे.

३. माझी इस्त्री माजी मुख्याध्यापक श्री. महादेवप्पा यांना. कारण असे, की मी दुसरीच्या वर्गाला एकदा सांगितले होते, शाळेत पुन्हापुन्हा काय घडते ते शोधा. हेडसरांना सोबत घेऊन वर्ग तपासायला आलेल्या साहेबांनी विचारले, "काय सापडलं?"

तेव्हाची चिमुरडी अंकिता उठली. "हेडसरांनी पांढरा शर्ट घातला की लई वरडत्यात. चौकडीचा घातला की न्हाय."

"कशावरून?" मी सवयीने विचारले आणि तिथेच बुडाले.

"आज पांढरा हाय की. साहेब गेल्यावर बगा."

साहेब गेले. आम्ही पाहिले. हेडसरांनी माझ्याविरुद्ध अहवाल पाठवला आणि माझी बदली टेंभुर्णीला झाली.

निवृत्तीनंतर ते स्वतः घरी आले. "बाई, पोरगी बरोबर होती. लाँड्रीवाला पांढऱ्याला खळ लई घालायचा. दिवसभर कॉलर मानेला कापायची."

"मग अहवाल कशाला पाठवलात?"

"त्या दिवशी पांढराच होता की अंगात."

मी चहा टाकला. राग मात्र मी सोबत नेणार आहे. त्यावर वारसांनी हक्क सांगू नये.

४. मी गेल्याचे मुलांना नीट सांगावे. रडू आले तर रडू द्यावे. पण वर्गाला सुट्टी देऊ नये. एकदा दिली, की ती त्यात नियम शोधतील आणि रोज सकाळी अंकिताकडे आशेने बघत बसतील.

सही: सरोजिनी गोपाळ माढेकर
सोलापूर, १४ जून २०२५

बाईंनी आमच्यासमोर सही केली. हसू आले तरी आम्हीही शुद्धीत सह्या केल्या आहेत.
साक्षीदार: महेश्वर हत्तुरे, मंजुनाथ कोळ्ळी (दोघेही शेजारी)