कावळा न शिवलेला भात

चि. अपूर्वा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तू येवल्याला माहेरी गेलीस, त्याला महिना झाला. पित्ताची ती नवी गोळी बंद करून तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, या गोळीनं क्वचित कुणाच्या डोक्यात संशय शिरतो. तुमचंही तसंच झालं असेल." नक्की सांगा म्हटलं, तर त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

रामकुंडावर चाळीस वर्षं मी लोकांचे पिंड मांडतोय. कावळा शिवला नाही की माणसं कशी हादरतात, मला ठाऊक होतं. तरी तू वाढलेला भात घराच्या गच्चीच्या कठड्यावर ठेवला. कावळा शिवेना, तेव्हा मयुरेशला ओरडून म्हणालो, "बघ, तुझ्या बायकोनं विष कालवलंय!" तू तोच भात माझ्यासमोर बसून शेवटच्या शितापर्यंत खाल्लास आणि बॅग उचललीस.

काल मी स्वतः भात शिजवून तिथंच ठेवला. त्यालाही कावळा शिवला नाही.

आता संशय येत नाही. पण तो गोळीचा नसेल, तर माझाच होता ना? डॉक्टरांनी ठामपणे गोळीचं नाव घेतलं, की हे पत्र पोस्टात टाकीन. तोवर पोथीत ठेवतो.

तुझा सासरा,
ढुंढिराज