उलटे फेरे

१२ जानेवारी १९५८, रविवार

आज बद्रीनाथ गुरुजी आले. यांचं वर्षश्राद्ध १६ फेब्रुवारीला धरलं. शय्यादानाची यादी झाली — गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या. सासूबाई म्हणाल्या, "मच्छिंद्राची गिटारबी लिहा. त्याचा जीव तिच्यात अडकून राह्यला. देऊन टाकली की सुटंल."

गुरुजींनी खोळ काढून तार ओढली. टक्! एवढंच. विजेवर चालणारी गिटार. रेडिओला जोडल्याशिवाय तिला आवाज नाही, आणि आता जोडूनही नाही. गुरुजी म्हणाले, "भंगलेली वस्तू दानात चालत न्हाई. नीट करून घ्या, मंग बघू."

सासूबाई मला म्हणाल्या, "उद्या कचरूच्या रेडिओच्या दुकानी दे."

मी मान हलवली. तोंडाने हो म्हटलेलं नाही!

१३ जानेवारी

मुकी राहिली तर घरात राहील. वाजली तर जाईल.

तरी मला ती वाजायला हवी आहे.

१७ जानेवारी

सासूबाई दुपारी कथेला जातात. तेवढ्यात गिटार उघडली. आतल्या तारा हिरव्या पडलेल्या, कापडी वेष्टण हाताला लागलं की भुगा. यांनी ती सिकंदराबादेच्या एका रेल्वेच्या गार्डसाहेबाकडून घेतली होती. कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर कारकुनी करायचे आणि लग्नसराईत बँडबरोबर वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवून. शेवटच्या पावसात भिजली, आणि मग यांना मुदतीचा ताप आला. नीट करायची राहून गेली.

खोळीत गुंडाळून कचरूकडे गेले. यांचा रेडिओही तोच बघायचा. मीटर लावून म्हणाला, "वैनी, ह्ये दोन पिकप. तारांच्या खाली बसवलेल्या ह्या दोन डब्या. आत चुंबक, भवताली तार. एकामागं एक जोडल्यात, एक तुटली की दोन्ही मुक्या. ही तुटलीया."

"भरता येईल?"

"केसावानी तार हाय. पाच हजार फेरे. मुंबईलाच पाठवा."

"तार आहे तुमच्याकडे?"

तो हसला. "तुम्ही भरणार व्हय?"

मी हात पुढे करून उभी राहिले. शेवटी त्याने रीळ दिलं.

२१ जानेवारी

माहेरचा पेटीचरखा काढला. चातीवर रिकामी डबी मेणाने बसवली. शंभर फेरे झाले की एक चिंचोका बाजूला.

मी डावरी. चरख्याच्या पलीकडून बसते आणि डाव्या हाताने चाक फिरवते. शाळेत कताईच्या तासाला बाई याच हातावर पट्टी मारायच्या. "तुझ्या सुताला उलटा पीळ आहे, कुणाच्या सुताशी जुळत नाही." खरं होतं ते. माझं सूत दुसरीच्या सुताबरोबर वळलं की उलगडून जायचं. सासरी आल्यावर सासूबाईंनी डाव्या हाताने वाढू दिलं नाही. यांनी मात्र एकदाही टोकलं नाही. हसून म्हणायचे, "तू वाजवलीस तर गिटार फिरवून धरावी लागंल."

नवव्या चिंचोक्याला तार तुटली.

२२ जानेवारी

तुटली.

२३ जानेवारी

पुन्हा तुटली! तिसाव्या चिंचोक्याला. रडले नाही. सोडवली आणि पहिल्यापासून.

२८ जानेवारी

साठ चिंचोके. सहा हजार! पहिलीपेक्षा हजार फेरे जास्त.

सासूबाईंनी वाटीभर चिंचोके पाहिले. "हे कशाला?"

"मोजायला."

"काय मोजून राह्यली?"

"दिवस."

खोटं बोलले, पण फार खोटं नाही.

२ फेब्रुवारी

डबी बसवली, आतल्या सगळ्या तारा बदलल्या. कचरूने कथलाचे डाग कसे द्यायचे ते एकदा दाखवलं, बाकीचे मी दिले. एक बोट भाजलं. त्याच्या दुकानातल्या रेडिओला मागून जोडली, जिथे ग्रामोफोन जोडतात तिथे.

वाजली! पण कशी — डास गुणगुणावा तशी पातळ.

कचरूने डबी निरखली. "वैनी, फेरे उलटे पडले. डाव्या हातानं केलं ना?"

मला वाटलं, पट्टी आता पुन्हा बसणार. पण तो उठून बसला. "थांबा! घूं कुठं गेली? मच्छिंद्रभाऊच्या गिटारीला कायम घूं असायची. बँडवाले वरडायचे, मच्छ्या, तुझी गिरणी बंद कर!" मग म्हणाला, "आता तुमच्या डबीतलं चुंबक तेवढं उलटं करू."

उलटं केलं. तार छेडली. दुकान भरून गेलं! समोरचा पानवाला उठून उभा राहिला. घूं नाहीच.

कचरूने खडूने फळीवर काढून दाखवलं. विजेची घूं दोन्ही डब्यांत शिरते, पण भाऊच्या डबीत सुलटी आणि माझ्या डबीत उलटी. दोघी एकमेकींना खातात. सूर मात्र चुंबक फिरवल्यामुळे दोन्हींत सुलटा. "मुद्दाम केलं असतं तरी सुचलं नसतं," म्हणाला. "मन भरलं न्हाई तर सांगा. चुंबक अन् दोन टोकं फिरवली की घूं परत येती."

मी म्हटलं, कुणाला हवी आहे घूं!

८ फेब्रुवारी

घरी वाजवली. वर्षभर बंद असलेला रेडिओ लावला. तीनच सूर येतात. तेच वाजवत बसले. सासूबाई कथेहून लवकर आलेल्या, कळलंच नाही. मागे शेजारच्या उषाबाई.

"अगं बया, सुतकाच्या सालात गाणंबजावणं!" — उषाबाई.

सासूबाई दारातच बसल्या. म्हणाल्या, "वाजती झाली ना? मंग दे आता."

"देणार नाही."

या घरात हे दोन शब्द मी पहिल्यांदा बोलले. अकरा वर्षांत.

१६ फेब्रुवारी

श्राद्ध झालं. गादीवर छत्री, चपला, तांब्या मांडले. सासूबाईंनी स्वतः गिटार आणून ठेवली. मी उचलून मांडीवर घेतली. सगळ्या पंगतीसमोर.

"नंदे, ठेव ती!"

मी गुरुजींना विचारलं, "मेलेल्या माणसाचं दान होतं, की जित्या माणसाचंही?"

"मेलेल्याचं."

"यातली एक डबी त्यांची. दुसरी मी भरली, ती माझी. माझी देणार नाही. त्यांची काढून न्या, पण एकीवर ही वाजत नाही, कचरूला विचारा. पुन्हा भंगलेली."

उपरण्यात तोंड धरून गुरुजींचे खांदे हलत होते. मग सासूबाईंना म्हणाले, "झुंबरबाई, अर्धं दान शास्त्रात न्हाई."

"डावरी ती डावरीच!" सासूबाई म्हणाल्या.

हो. डावरीच.

२० फेब्रुवारी

सासूबाई भोकरदनला लेकीकडे गेल्या. घर रिकामं. भरदुपारी रेडिओ लावला, गिटार मांडीवर घेतली आणि तार छेडायच्या आधी थांबले.

काहीच नाही.

हे बसले की सूर यायच्या आधी घूं यायची. स्वयंपाकघरात कळायचं — आले, बसले. ती घूं म्हणजे हे घरात आहेत. ती मीच घालवली. माझ्या हातानं, सहा हजार फेऱ्यांनी.

चुंबक आणि दोन टोकं. दहा मिनिटांचं काम. पेचकस घेऊन एक स्क्रू सैल केला.

परत घट्ट केला. पेचकस शिवणाच्या डब्यात टाकला, ज्वारीचा डबा कमरेवर घेतला आणि गिरणीवर दळायला गेले.