लांडगीचं बीळ

५ जानेवारी, रविवार
झालं चित्र! टॉवेलच्या कारखान्यासाठी मोर काढून काढून बोटं सडली होती माझी. मागच्या आठवड्यात वैरागच्या एसटीतून मधेच माळावर उतरले नसते, तर मरेपर्यंत मोरच काढले असते.

धनगरांच्या केराबाईंनी लांबूनच लांडगीचं बीळ दाखवलं. पिल्लं लहान असेपर्यंत मेंढरं त्या अंगाला न्यायचीच नाहीत, ही त्यांची रीत. एखादं कोकरू जातं. "जाऊ दे की. माळ तिचाबी हाय." आमच्या कारखान्याचं रंगाचं पाणी ओढ्यात जातं — तो ओढा कुणाचा, हे मी कधी विचारलंय?

चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं. टेकाड, वाकडा लिंब, बीळ — जसंच्या तसं.

८ जानेवारी
चार हजार लाइक!! अम्मा म्हणते, गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लाव.

११ जानेवारी
कुणीतरी लिहिलंय — "हा लिंब ओळखला. उद्या कॅमेरा घेऊन जातोय." खाली सातजण — आम्हीपण!

चित्र काढून टाकलं. उपयोग काय, सगळीकडे फिरतंय. केराबाईंचा फोन बंद. निघताना म्हणाल्या होत्या, "कुणाला सांगू नगंस." सांगितलं नाही — काढून दाखवलं! अक्कल कुठे गेली होती माझी?

१२ जानेवारी
पहिल्या एसटीने गेले. लिंबाखाली दोन गाड्या, आठ-दहा पोरं. बीळ धोंड्यामातीने गच्च बुजवलेलं. तोंडाशी राख. "आम्ही आलो तेव्हा असंच होतं," म्हणे! हातांनी उकरत बसले. नखं तुटली. आतून आवाज नाही.

पिल्लं मी मारली. डोळे तरी उघडले होते का त्यांचे?

केराबाईंचं पालही उठलेलं.

१४ जानेवारी
तिळगुळाला हात लावला नाही. सगळे ब्रश मोडले. अम्मा तेलुगूत ओरडली, वेड लागलं का म्हणून. लागू दे.

१७ जानेवारी
कारखान्यात गेले नाही.

१९ जानेवारी
केराबाईंचा फोन! "शनवारी एक गाडी लिंबाकडं घिरट्या घालताना बगितली. मग मीच धूर केला, पोरी. आय एकेक पिल्लू तोंडात धरून घिऊन गेली. चारी गेली, मग बुजवलं."

रडत रडत चित्राचं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "आता त्या लिंबाच्या वाटंनं कदी येऊ नगंस," आणि लांडगीच्या नव्या बिळाची जागा सांगितली.

ती इथेही लिहीत नाही.