डिजिटल बोर्ड आणि दुपारी दोन ते तीन

१६ जून २०२५, सकाळी ७.१५

काल डिजिटल बोर्ड बसला. त्याची खरी किंमत लिहून ठेवतो, कारण ती बिलात येत नाही. दोन बाक गेले, स्टँडला जागा हवी होती. खिडकी गेली, कारण उजेड पडला की स्क्रीनवर भूमितीऐवजी माझंच डोकं चमकतं. आतल्या खोलीतला चांगला पंखा गेला, कारण बोर्ड तापतो. आणि फळा गेला. चांगदेव सुताराने २००३ साली चाळीत बसून बनवून दिलेला, डावा कोपरा तुटलेला. भंगारात घालणार होतो. स्वप्ना म्हणाली, सर, मला द्या. दिला. मी दिलदार माणूस आहे.

स्वप्ना माझीच जुनी विद्यार्थिनी. सहा वर्षं आतल्या खोलीत विज्ञान शिकवते. बाहेर पाटी आहे, 'उत्तम क्लासेस, डोंबिवली पूर्व. उत्तम सर व अनुभवी शिक्षकवृंद'. शिक्षकवृंद म्हणजे स्वप्ना.

संकल्प: खडू बंद. रोज ऑनलाइन क्विझ. डिसेंबरपर्यंत टिटवाळ्याला शाखा. मी इथे शिकवणार, तिथे भिंतीवर दिसणार. मुलांवर लक्ष ठेवायला स्वप्ना तिथे बसेल. तिला अजून सांगितलेलं नाही. आनंदच होईल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही बोर्डात नाही. माझे कान. फळ्याकडे तोंड करून लिहीत असलो तरी मागे कोण कुजबुजलं ते नावानिशी सांगतो. बावीस वर्षांत एकदाही चुकलेलो नाही. दुपारी दोन ते तीन आरामखुर्चीत डोळे मिटतो, तेव्हाही ती झोप नसते. चिंतन असतं. कान चालूच असतात.

१८ जून

संध्याकाळची दहावीची बॅच. बोर्ड चालू केला. 'अपडेट होत आहे, कृपया बंद करू नये.' पूर्ण तासात ६२ टक्के झाला. मुलं इतकी शांत कधीच बसली नव्हती, टक्के मोजत होती. शेकडेवारीची उजळणी आपोआप झाली.

२४ जून

स्वप्ना आलेली. म्हणाली, सर, दिवा स्टेशनकडून येणारी सात मुलं आठवड्यातून तीन दिवस बुडवतात. तिकडे पाणी संध्याकाळी पाचला येतं, घरातलं कोणीतरी हंड्याजवळ लागतं. मोबाइलवर धडे रेकॉर्ड करून फुकट टाकूया का? पाणी भरून झाल्यावर बघतील.

मी समजावलं, अगं, फुकट दिलेल्याला किंमत नसते. आणि माणूस समोर नसेल तर शिकवण्यात जीव राहत नाही.

ती म्हणाली, मग टिटवाळ्याला तुम्ही भिंतीवर दिसणार ते?

हिला टिटवाळ्याचं कसं कळलं? मी म्हटलं, ते वेगळं. ते डिजिटल आहे.

३ जुलै

क्विझ! मुलांनी आपापल्या मोबाइलवर टोपणनावं घ्यायची आणि उत्तरं दाबायची. स्क्रीनवर नंबर वर-खाली होतात, आरडाओरडा, शाबासकी. पहिला आला 'दोन ते तीन'. हे काय नाव झालं? कोण आहे विचारलं तर सगळा वर्ग खोकायला लागला. साथ आहे बहुतेक.

१७ जुलै

दुपारी चिंतन करताना त्रास होतो. आतल्या खोलीच्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे स्वप्ना एकटीच बडबडत असते. पाठांतर करत असेल, बिचारीला आत्मविश्वास कमी. हाक मारली, अगं स्वप्ना, हळू! तेव्हापासून हळू बोलते. ऐकणारी मुलगी आहे.

२ ऑगस्ट

टिटवाळ्याला जागा बघून आलो. नवीन बिल्डिंग, तिसरा मजला, हॉल प्रशस्त. मोबाइलला रेंज फक्त बाल्कनीत. एजंट म्हणाला, सर, पुढच्या वर्षी टॉवर येणार. बाल्कनीही मोठी आहे म्हणा.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन

मुलांनी पेन दिलं. मग जिन्यात त्यांचं बोलणं कानावर आलं. "अरे, सरांना पेन दिलं, पाणीवाल्या मिसला काय द्यायचं?" "तिला लाइक दे ना भावा, फुकटात पटेल."

पाणीवाली मिस? शोध लावला. यूट्यूबवर एक चॅनल आहे, 'पाणी भरून झाल्यावर'. दहावीचं गणित. माझी मुलं माझ्या पाठीमागे दुसऱ्या बाईकडून गणित शिकतात! चहा घशाखाली उतरला नाही. दुसरा कप घेतला, तोही नाही.

६ सप्टेंबर

चॅनल नीट ऐकलं. मोबाइलचा स्पीकर बारीक आहे, पण या कानांना तेवढा पुरतो. निष्कर्ष: ही बाई नाहीच. मशीन आहे. कॉम्प्युटरने बनवलेला आवाज.

पुरावे. एक, चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि खडू. दोन, आवाज मुद्दाम दबका ठेवलाय, माणूस असं बोलतो का? तीन, मागे सतत एक घरघर आहे, म्हणजे कॉम्प्युटरचा पंखा. चार, 'पाणी भरून झाल्यावर' हे नाव. शुद्धीवरचा माणूस असं नाव ठेवील? आणि कमाल म्हणजे फळासुद्धा कॉम्प्युटरनेच काढलाय, डावा कोपरा मुद्दाम तुटका! खरा वाटावा म्हणून किती ती तयारी.

२१ सप्टेंबर, रविवार

पालकसभा. मोठ्या स्क्रीनवर चॅनल लावलं आणि सगळ्यांना इशारा दिला. म्हटलं, सगळं आहे, फक्त माया नाही. यंत्राला माया कुठून येणार?

मागून शांताबाई, आमच्याकडे झाडलोट करतात, हातात केरसुणी घेऊनच बोलल्या, "काय सांगता सर! माझी नात बघते तिला. तीन वेळा चुकली तरी बाई ओरडत नाही. मशीन असेल तर बरीच की मशीन!" पालक हसले. मीही हसलो, मोठेपणाने.

स्वप्नाने हात वर केला. म्हणाली, सर, खरंच माया नाही वाटत तुम्हाला?

मी म्हटलं, कणभर नाही. माझ्या कानांवर विश्वास ठेव.

तिने वही मिटली. हिला तरी कळलं.

८ ऑक्टोबर

घात! चाळीत कपडे वाळत घालायची काठी भिंतीला तिरकी लावलेली असते. काठी म्हणजे कर्ण, भिंत म्हणजे उंची, जमीन म्हणजे पाया. हे उदाहरण माझं. माझ्या आईची काठी. पंचवीसेक बॅचेसना याच काठीवर त्रिकोणमिती शिकवली. आज ती त्या मशीनच्या तोंडून ऐकली. वर मशीन म्हणते, "हे मला माझ्या सरांनी शिकवलं." सर! मशीनला सर!

अर्थ उघड आहे. माझा बोर्ड माझं ऐकतो आणि पुढे कळवतो. घरात घेतलेल्यानेच दगा दिला. शांताबाईंकडून टिकली मागून घेतली आणि बोर्डाच्या वरच्या कॅमेऱ्यावर चिकटवली.

१० ऑक्टोबर

रिमोट चालेना. बोर्डवाला महेंद्र आला. म्हणाला, सर, या मॉडेलला कॅमेराच नाही, तुम्ही रिमोटच्या सेन्सरला कुंकू लावलंय.

मी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, माझी काठी कोणाला विकलीस? तो म्हणाला, कुठली काठी? चेहरा निरागस. सराईत दिसतो.

११ नोव्हेंबर

सापळा. दिवाळीची सुट्टी संपली, दुपारी वर्ग रिकामा. बोर्डसमोर उभं राहून मोठ्याने, मुद्दाम चुकीचं शिकवलं: "कर्णाची लांबी म्हणजे उरलेल्या दोन बाजूंची बेरीज!" तीनदा. आता हे मशीनने उचललं की पकडलंच.

पाच मिनिटांत स्वप्ना आतून चहा घेऊन आली. म्हणाली, सर, बरं आहे ना? बीपीची गोळी घेतली का? किती काळजी करते. एवढ्या जगात एक ही तेवढी माझी.

१४ नोव्हेंबर

सापडलं! नवीन व्हिडिओ. सुरुवातच अशी: "कर्ण म्हणजे दोन बाजूंची बेरीज, असं दमलेल्या मोठ्या माणसांच्या तोंडूनही कधी निघून जातं. हसू नका, समजून घ्या."

वर्गात मी आणि बोर्ड, तिसरं कोणी नव्हतं. आता बोर्डावर चादर टाकून मगच चिंतनाला बसतो.

२० जानेवारी २०२६

शाळेची पूर्वपरीक्षा झाली. माझ्याकडच्या दिव्याच्या शिवानीला भूमितीत चाळीसपैकी अडतीस! क्लासमधली तिची हजेरी अर्ध्याहून कमी. म्हणजे बघा, अर्ध्या हजेरीत अडतीस. डिजिटल बोर्डाची ताकद!

फ्लेक्स करायचा ठरवलं. डावीकडे बोर्ड, मध्ये मी, खाली शिवानी. तिला म्हटलं, दोन शब्द सांग, 'उत्तम सरांच्या डिजिटल बोर्डमुळे' असं काहीतरी. ती चपलेकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण सर, मी बोर्डवर शिकलेच नाही. पाणी पाचला येतं ना."

लाजाळू मुलगी. वाक्य मीच लिहिलं.

२ फेब्रुवारी

फ्लेक्स लागला. स्वप्ना रस्त्यावर उभी राहून बराच वेळ वाचत होती. आत आली तेव्हा विचारलं, कसा झालाय? म्हणाली, सर, शिक्षकवृंद लिहायचं राहिलं.

खरंच की. जागा नव्हती.

९ फेब्रुवारी, सकाळी ११

स्वप्नाने कागद ठेवला. परीक्षा झाल्या की क्लास सोडणार. दिव्यात स्वतःचा सुरू करणार, पाण्याच्या वेळा सांभाळून.

मी म्हटलं, आणि टिटवाळा? सगळी शाखा तुझ्यावर सोपवणार होतो.

ती म्हणाली, भिंतीवर तुम्ही, खाली मुलांना गप्प करायला मी. ही शाखा कुठे झाली सर? ती तर भिंतीतली खिडकी झाली, नुसती बघायची.

सातवीत माझ्याकडे आलेली ही. फी नव्हती तेव्हा म्हटलं होतं, बस, नंतर बघू. आज तिने माझ्या पाठीत खंजीर खुपसला. बोर्डाने दगा दिला ते समजू शकतो, तो कंपनीचा. ही तर घरची होती.

जाताना म्हणाली, फळा घेऊन जाऊ ना सर? तुम्ही मला दिलेला.

म्हटलं, ने. दाराशी वळून म्हणाली, सर, एकदा हेडफोन लावून ऐका. पूर्ण ऐका. माया आहे की नाही ते मग सांगा.

काय ऐकू ते बोललीच नाही.

९ फेब्रुवारी, दुपारी १

शांताबाईंना विचारलं, स्वप्ना काय ऐकायला सांगत होती? त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "अहो सर, अख्ख्या डोंबिवलीला माहीत आहे. तुमची मशीनबाई आतल्या खोलीत बसते. दुपारी दोन ते तीन."

मी म्हटलं, अशक्य. दोन ते तीन मी इथेच असतो. जागा.

त्या म्हणाल्या, "हो, हो. जागाच." आणि केर काढू लागल्या.

१० फेब्रुवारी

चिंतन रद्द. महेंद्रकडून हेडफोन आणले. (त्याची माफी मागितली नाही, काठीचं प्रकरण पूर्ण मिटलेलं नाही.) पहिल्या व्हिडिओपासून ऐकायला बसलो.

तो तुटका कोपरा चांगदेवच्या फळ्याचाच. हातावर डाग आहे, नववीत प्रयोगशाळेत भाजलेलं, दवाखान्यात मीच नेलेलं. दबका आवाज मीच सांगितल्यामुळे दबका. एका ठिकाणी तर दुरून माझीच हाक आहे, "अगं स्वप्ना, हळू!" ती थांबते, हसते आणि पुढे शिकवते.

काठीचं उदाहरण परत ऐकलं. मी सांगतो त्याहून बरं सांगितलंय. आईची काठी तिरकी का असायची, तर खोली लहान होती म्हणून, हे मी मुलांना कधीच सांगितलं नव्हतं. तिला सातवीत एकदा सांगितलं असेल.

त्याच व्हिडिओखाली कोणा मुलाने विचारलंय, "मिस, चार मिनिटं अकरा सेकंदांपासून मागे कसला आवाज येतोय? पंप लावलाय का?"

खाली तिचं उत्तर, "नाही रे. आमचे सर आहेत. सकाळी सहापासून शिकवतात, दमतात. आवाज वाढवू नका, हेडफोन लावा."

या उत्तराला तीनशे बारा लाइक आहेत. एक मी दिला. तीनशे तेरा.

१३ फेब्रुवारी

सगळे ऐकून झाले. शास्त्रोक्त पद्धतीने, वहीत खुणा करत. एकूण चौसष्ट व्हिडिओ आहेत. त्यांतल्या एकसष्ट व्हिडिओंत मी घोरतोय.

उरलेले तीन रविवारचे आहेत.