कय्युमभाईंच्या पॅनेलला ऑफिसची लाइन

२ एप्रिल
आमच्या केळी पिकवण्याच्या कारखान्यात नवं युग. ऑफिसचे कॉम्प्युटर आणि आठही चेंबर एकाच नेटवर्कवर आणायचे. मालक रुपचंदनानांनी काम माझ्यावर सोपवलं. जळगावात दुसरं आहे कोण? मुदत पंधरा दिवस. मला आठ पुरतील.

११ एप्रिल
चेंबर ऑपरेटर कय्युमभाई आडवे आले. बावीस वर्षं थंडी आणि गॅस तेच सांभाळतात. म्हणाले, 'हितेंद्रभाऊ, ऑफिसची लाइन माझ्या पॅनेलला नका जोडू. तुमचं कॉम्प्युटर तासभर बंद पडलं तर चालतं. इथं माल आहे.' बदलाची भीती. वयच तसं. संयम ठेवणे.

२३ एप्रिल
जोडली! थंडी आता ऑफिसच्या सर्व्हरवरून चालणार. उशीर वायरवाल्यामुळे. पॅनेलला पासवर्ड टाकला. हाताने चालवायचं बटण काढलं. सेक्युरिटी! कय्युमभाईंनी विचारलं, 'आणि अडलं तर?' अडणार नाही म्हटलं. चाव्या उचलून कामाला लागले. पटलं असावं.

४ मे, संध्याकाळी ७
दुपारी सर्व्हरला अपडेट आलं. आपोआप रीस्टार्ट झाला, परत उठेना. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आठही चेंबरची थंडी बंद. पासवर्ड फक्त मला माहीत. मी जामनेरला लग्नात. कय्युमभाईंचे एकोणीस मिस्ड कॉल. बँडवाले फार जोरात वाजवतात.

५ मे
केळी वरून हिरवी, आतून लगदा. पॅकिंगच्या झुंबरबाई म्हणाल्या, 'भाऊ, बठ्ठा माल मऊ पडी ग्या.' सगळाच. नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, चेंबरवर कोण होतं? मी म्हणालो, कय्युमभाई. खोटं नाही. होतेच ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि गेले.
नानांना खरं सांगणे. सोमवारी.

१६ मे
नाना तापलेले. सोमवार योग्य नव्हता.

२९ मे
कय्युमभाई गेल्यापासून आणखी दोन वेळा माल वाया गेला. नानांनी स्वतः लाइन उपटली. मला म्हणाले, कय्युम धुळ्याला कामाला लागलाय, हातापाया पड, पण घेऊन ये.

३० मे
धुळे. कय्युमभाईंनी चहा मागवला. घरचं विचारलं. मग म्हणाले, 'नानांना खरं सांगितलं का?' सांगणार आहे म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तिथल्या चेंबरमध्ये निघून गेले. अर्धा तास बसलो. आले नाहीत.
परतीच्या बसमध्ये नानांचा फोन. काय म्हणाला? म्हटलं, त्यांना तिकडेच बरं वाटतंय. नाना म्हणाले, उद्यापासून चेंबर तूच सांभाळ.
हो म्हणालो.
केळं तयार झालं हे कसं ओळखतात, ते विचारायचं राहिलं.