वगळलेली नावे

३ मार्च
रहाटणीत वरच्या मजल्यावर खोली मिळाली. उजेड भरपूर, टेबल भक्कम. घरमालकीण इंदुताईंचे यजमान उद्धवराव चाकणच्या कंपनीत फोरमन होते, रविवारी चर्चमध्ये उपदेशक. पहिल्या स्मृतिदिनाआधी त्यांचे हस्तलिखित छापायचे आहे. विजयश्रीबाई, त्यांचा एकही शब्द काढू नका हो, असे त्या चहा देताना म्हणाल्या. मग चाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेली बाई बोलावली कशाला?

५ मार्च
विषय जगाचा अंत. बायबलातल्या दानीएल, प्रकटीकरण या ग्रंथांची चाल: देवदूत दाखवतो, माणूस लिहितो. अंताची वर्दी देणाऱ्या सात कर्ण्यांच्या जागी कंपनीचे सात भोंगे. हे झकास आहे. पण पुढे 'जीवनाच्या पुस्तकातली नावे', म्हणजे अंतातून तरणारे, म्हणून शेजाऱ्यांची सात पाने यादी! वाचकाला त्याचे काय? पहिलेच नाव सोपानराव शिंपी. लाल शाईने काढले.

६ मार्च
सोपानरावांकडे परवा ब्लाउज टाकला होता. आज दुकानाच्या जागी सलग भिंत. इंदुताई म्हणतात, या गल्लीत शिंपी कधी नव्हताच. बाई, उन्हात फिरू नका, वर हा सल्ला! संताप आला. त्याच संतापात सातही पानांवर तिरपी रेघ मारली. शेवटची पाने तर वाचलीही नाहीत. उमेदवारीत कोणी असे केले असते, तर मी त्याला घरी पाठवले असते.

७ मार्च, सकाळ
कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला आणि समोरच्या चाळीचे आवाज थांबले. खिडकीतून पाहिले. चाळ नाही, गवत आहे.
दुसरा भोंगा. खाली इंदुताईंना हाक मारत गेले. स्वयंपाकघर नाही. जिना मातीत संपतो.
यादी उघडली. दुसरे पान, तिसरी ओळ: इंदुताई.

दुपार
नावांखाली टिंबे देत बसले आहे. 'राहू द्या' अशी आमची खूण. शाई वाळते आणि टिंबे जातात. रेघ तेवढी जात नाही.
प्रत्येक भोंग्याला एक पान. पाच झाले—
एक शब्दही काढू नका, म्हणाल्या होत्या. ऐकायला काय झाले होते मला—

सहा.
सातवे पान आता वाचते आहे. शेवटची ओळ, उद्धवरावांच्याच अक्षरात, वर्षापूर्वीची: 'आणि वर राहायला येईल ती, विजयश्री.'
वरून माझीच रेघ.
टिंब दिले. गेले. पुन्हा—
भोंगा—
माझे नाव वि